वहीतला ‘तू’

इंडोनेशियातल्या आदोनारा बेटावरच्या आमच्या गावात पेनीइनाइतका पातळ मका कुणी कुटत नसे. तव्यातले तापलेले दाणे ती बोटांनीच उचलायची आणि दगडाच्या एका ठोक्यात चपटे करायची. तिचा नवरा कोपोंग लग्नानंतर चौथ्या वर्षी मलेशियात, सबाहला पामच्या मळ्यात मजुरीला गेला. दोन वर्षं पत्रं आली, मग तीही थांबली. मूलबाळ नव्हतं. आम्ही शेजारी. माझी आई तिला म्हणायची, “अगं, माहेरी तरी जा.”

“आणि तो आला तर दार कोण उघडेल? तू?”

ईस्टरआधीच्या एका उपवासकाळात सिस्टर अल्फोन्सांनी चर्चमध्ये बायकांना एकेक वही दिली. “दुपारची घंटा झाली की दहा मिनिटं बसा. आज देवानं काय दिलं, मनात काय सलतंय, ते त्यालाच लिहा. शुद्धलेखन तो तपासत नाही.”

बाकीच्यांच्या वह्या ईस्टरपर्यंत चुलीत गेल्या. पेनीइना जेमतेम तिसरी शिकलेली, एक ओळ लिहायला तिला अर्धा तास लागे. पण तिनं सोडलं नाही. वही भरली की दुसरी आणायची.

लिहायला लागल्याच्या पाचव्या वर्षी तिनं आपण होऊन वही सिस्टरना दाखवली. आमच्याच ओट्यावर. मी शेंगा सोलत होते. वाचता वाचता सिस्टर थांबल्या.

“पेनी, हा ‘तू’ कोण?”

“प्रभू. अजून कोण?”

“मग हे काय? ‘तुझा खोकला बरा झाला का? पावसात नुसत्या बनियनवर बाहेर पडू नकोस.’ प्रभूला खोकला कधीपासून झाला?”

मला फस्सकन हसू आलं. पेनीइना हसली नाही. वही ओढून घेऊन ती मागची पानं उलटत राहिली. महिनोन् महिने तेच होतं.

“म्हणजे मी देवाला फसवलं?”

“नाही गं. पत्र कुणासाठी आहे ते त्याला माहीत होतं. तरी रोज घेत होता.”

त्या दिवसापासून ती पानावर आधी ‘प्रभू’ लिहायला लागली. आठ दिवस त्या शब्दापुढे काही सुचेना. मला म्हणाली, “त्याच्याशी माझी ओळखच नाही पोरी. इतकी वर्षं मी त्याला पोस्टमन समजले.” नवव्या दिवशी तिनं लिहिलं आणि मला वाचायला दिलं : ‘प्रभू, मला त्याची आठवण येते. तुझी येत नाही. यावी असं वाटतं.’

गेल्याच्या एकोणिसाव्या वर्षी एका दुपारी कोपोंग बोटीतून उतरला. केस पांढरे, हातात एकच पिशवी. तिकडे त्याचा दुसरा संसार होता असं गाव बोलत होतं. तिनं विचारलं नाही, पाणी तापवून दिलं.

मला वाटलं, आता वही बंद होईल. पण घंटा झाली की ती बसायचीच. मी विचारलं, “आता कुणाची वाट बघतेस?”

“तेच तर कळत नाही. तो आला, तरी हुरहुर गेली नाही.”

एक दिवस तो तिच्याजवळ येऊन बसला. “काय लिहितेस रोज?”

“प्रभूला लिहिते.”

“माझ्याबद्दल?”

“पूर्वी लिहायचे. आता कमी.”

तो आणखी जवळ सरकला. मग म्हणाला, “माझंही एक लिही.”

“सांग.”

तो उठला. “उद्या सांगतो.” तिनं त्याच्यासाठी अर्धं पान कोरं सोडलं. असे ‘उद्या’ तीन महिने चालले. शेवटी एकदा, मी अंगणात कपडे वाळत घालत असताना, त्याचा आवाज आला.

“लुसियाना. सात वर्षांची आहे. तिकडेच राहिली.”

पेनीइनानं वहीतून मान वर केली.

“मुलगी?”

“हं.”

“तिला काय आवडतं?”

“समुद्र. अजून पाहिला नाही तिनं.”

पेनीइनानं ते लिहायला घेतलं. अक्षरं जुळवायला तिला वेळ लागत होता. तो तोवर तिच्याशेजारी बसून होता.