खर्जातली जर्मन पदं

"आवाज स्वच्छ आहे, पण हा तो माणूस नाही," कर्नलसाहेब म्हणाले आणि हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवले.

त्यांच्या पत्नी सुमतीताई माझ्याकडे बघत राहिल्या. आठवडाभर मी त्यांनी आणलेल्या एका रेकॉर्डवर काम करत होते.

जुन्या रेकॉर्डमधला आवाज कॉम्प्युटरवर घेऊन साफ करायचा, हे माझं काम. गंगापूर रोडला छोटा स्टुडिओ आहे. येतात ती बहुतेक भजनं आणि नाट्यगीतं. सुमतीताई देवळाली कॅम्पहून जुन्या साडीत गुंडाळून रेकॉर्ड घेऊन आल्या, त्या रेकॉर्डची लेबलं मात्र जर्मन होती. त्यांचे वडील तरुणपणी जर्मनीत इंजिनिअरिंग शिकले, तेव्हा त्यांनी आणलेल्या. त्यांत ऑपेरातली पदं होती. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. गाणारे सगळे 'बेस', म्हणजे खर्जातले पुरुष आवाज. राजा, पुजारी, नाहीतर खलनायक.

"लग्नानंतर रोज संध्याकाळी ऐकायचो आम्ही," त्या म्हणाल्या होत्या. "एक शब्द कळायचा नाही. आता ह्यांना ऐकू कमी येतं. कुठलंही गाणं लावलं की उठून जातात. हे एकदा ऐकवायचंय."

कर्नलसाहेबांचं आयुष्य तोफखान्यात गेलं होतं.

जुन्या रेकॉर्डमध्ये दोन त्रास असतात. एक तडतड, कढईत मोहरी टाकल्यासारखी. दुसरा रंबल, म्हणजे तबकडी फिरताना खालून येणारी घरघर. दोन्ही मी नेहमीसारखे फिल्टर लावून काढले होते.

आता मी साफ न केलेली मूळ फाईल टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर लावली.

"सर, ही खरखर फार होतेय का?"

"कुठली खरखर?"

सुमतीताईंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. खरखर खोलीभर होती.

मग माझ्या लक्षात आलं. तोफांच्या आवाजानं कानांतलं वरच्या पट्टीचं ऐकणं आधी जातं. ती खरखर म्हणजे तडतड, वरच्या पट्टीतली, ती त्यांना ऐकूच येत नव्हती. त्यांच्यापाशी उरला होता तो खालचा आवाज. आणि घरघर काढताना नेमका तोच मी कापला होता.

मी ते फिल्टर काढून टाकलं. छोट्या स्पीकरऐवजी खर्ज नीट वाजवणारे मोठे स्पीकर जोडले.

पद सुरू झालं. कर्नलसाहेब खुर्चीत पुढे सरकले. शेवटी गायक पायरी पायरीनं खाली उतरतो आणि तळाच्या सुरावर थांबतो. तिथे त्यांनी डोळे मिटले.

"शेजारचा मेजर विचारायचा," ते हळूच म्हणाले, "तुमच्या घरात रोज कोण रागावतं?"

"आणि तुम्ही माझं नाव सांगायचात," सुमतीताई म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण पदर डोळ्यांशी होता.

"दुसरी लाव," कर्नलसाहेब मला म्हणाले. त्या दिवशी सगळ्या रेकॉर्ड झाल्या. ते एकदाही उठले नाहीत.

निघताना मी सुमतीताईंना म्हटलं, "तुमच्यासाठी तडतड काढलेली वेगळी कॉपी देते."

"नको गं. ह्यांचीच दे. आमच्या क्वार्टरमध्ये हे असंच वाजायचं."

हल्ली काम आलं की मी रेकॉर्डची अवस्था नंतर बघते. ऐकणार कोण, ते आधी विचारते.