देवळाच्या पायरीशी बूट

टोकियोत, फुनाबोरीतल्या आमच्या घराच्या दारात बूट काढताना मला अजून त्या काकू आठवतात. नाव विचारायचं राहूनच गेलं. टोकियोहून एका जपानी टूरबरोबर आम्ही ग्रीसच्या क्रूझला गेलो होतो आणि त्या टूरमध्ये आमच्याशिवाय मराठी म्हणजे फक्त त्या. टोकियोशेजारच्या इचिकावाला मुलाकडे राहायच्या. पंजाबी ड्रेस, पायात मुलाने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट.

एका बेटावर प्राचीन देवळाचे अवशेष होते. चार खांब उभे, बाकी सगळं आडवं. मी इतिहास वाचून आलो होतो आणि बायकोला तो न विचारता ऐकवत होतो. काकूंनी पायरीशी बूट काढले, जपानी शिस्तीत टोकं बाहेर वळवून ठेवले आणि तापलेल्या दगडावर पाय उचलत उचलत वर गेल्या.

“अहो काकू, इथे आता देव नाही,” मी म्हणालो.

“देव नसेल हो. पायरी आहे ना?”

मागून येणाऱ्या जपानी मंडळींनी ते बूट पाहिले. कुणी काही विचारलं नाही. बघता बघता सगळ्यांचे बूट ओळीने लागले. “गरज नाही, गरज नाही,” म्हणून गाइड दमली. बूट घातलेला मी एकटाच उरलो. माझ्या पायांकडे कुणीही बघत नव्हतं, पण अगदी ठरवून. शेवटी मीही काढले.

इतक्यात दुसऱ्या जहाजावरचं एक जोडपं आलं. नवऱ्याने मला विचारलं, “इथे बूट काढायची पद्धत आहे का?”

“हो,” मी म्हणालो, “फार प्राचीन.”