लेक निजली आणि घंटा राहिली

बरोबर अकरा वाजून सात मिनिटांनी माझी लेक झोपली, आणि तिथूनच सगळी वाट लागली. हसू नका, आधी ऐका तर!

पाटणच्या अलीकडं आमचं कॉलेज. तिथं मी मदतनीस, तीन महिन्यांसाठी घेतलेली. पुढं ठेवायचं की नाही, ते प्राचार्य मॅडम सोमवारी सांगणार होत्या. आणि शनिवारीच आली वादविवाद स्पर्धा! सातारा-सांगलीची झाडून सगळी कॉलेजं. घंटा वाजवणारे क्लार्क बक्षिसं आणायला गेले ते अडकले वाटेत. मॅडमनी घंटा माझ्या हातात दिली.

"सुरेखा, पाचव्या मिनिटाला एक टोल, सातव्याला दोन. जमेल ना?"

"आवं मॅडम, सातवी शिकलेय मी. घड्याळ कळतंय!"

पण मांडीवर पिऊ. दीड वर्षाची, दाढा येत होत्या, अंग कोमट. सासूबाई म्हणत होत्या, "ऱ्हाऊ दे घरी." पण माझा जीव राहतोय होय?

पहिल्या पोरीला टोल दिला, तशी पिऊ दचकून किंचाळली. कशीबशी निजवली. मग उठला जतचा एक पोरगा. विषय, मोबाईल शाप की वरदान. हा शापवाला. लय भारी बोलत होता. पाच मिनिटं झाली. मी घंटेकडं बघितलं, पिऊकडं बघितलं. एक टोल चुकला तर काय आभाळ कोसळतंय?

सात झाली. पोरगा थांबेना! त्याला सरांनी शिकवलेलं, घंटेशिवाय खाली बसायचं नाही. नवव्या मिनिटाला मुद्दे संपले. अकराव्याला घरची मेंढरं आली. बाराव्याला तर हरवलेली मेंढरं मोबाईलमुळंच सापडली, असं सांगून मोकळा झाला. गडी पार वरदानवाल्यांत!

समोरून मॅडम हात वरखाली हलवायला लागल्या. मला वाटलं, लेकराला थोपट म्हणतायत. मी थोपटलं. त्यांनी जोरात हलवला, मी जोरात थोपटलं. मनात म्हटलं, किती ही माया!

शेवटी परीक्षक वाकून आले. "अहो ताई, घंटा!"

"श्श! आत्ता निजलीय. तुमीच सांगा की त्याला, बस म्हणावं!"

शेजारचा माईक चालू होता, हो! अख्खा हॉल हसला, पिऊनं भोंगा पसरला आणि पोरगा 'धन्यवाद' म्हणून मटकन बसला.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. नोकरी गेलीच, मग घाबरायचं कशाला?

"चूक झाली मॅडम, न्हाई म्हणत न्हाई. पण परीक्षकांना शाल-नारळ, गाड्यांना मांडव, आन् लेकराला निजवायला एक खोली न्हाई? कामाला येणारी बाई लेकरू खुंटीला टांगून येती व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "ठेवतेय तुला कामावर. पण हेच सगळं परवा संस्थेच्या बैठकीत तूच बोलायचं."

गेले की! पण समोर ते मोठमोठे लोक बघितले आणि माझी दातखीळ बसली. एक शब्द फुटेना. पिऊनं मात्र असा काही टाहो फोडला की अध्यक्ष कानावर हात ठेवून म्हणाले, "द्या, द्या, खोली द्या!"

तेव्हा लेकुरवाळ्या बायांना एवढा निरोप द्या: आमच्या कॉलेजात आता खोली आहे, गादी आहे, लेकरं खुशाल आणा. आणि बैठकीत कोण बोललं असं कुणी विचारलं, तर माझं नाव सांगा. पिऊला अजून बोलता येत नाही.