पायाचा पहिला दगड
भिजवलेल्या चुन्याचा वास आला, की हुलसूरची ती सकाळ अंगावर येते. वडील गेल्यावर काकांविरुद्धच्या खटल्यात कोर्टानं आईच्या वाट्याची जागा तिला दिली होती अन् तिथं घराचा पाया भरायचा होता. पहिल्या दगडाला सवाष्णीनं हळद लावायची, अशी आमच्याकडची रीत. काकांनी गल्लीभर दम दिलेला, म्हणून एकही सवाष्ण फिरकली नाही. स्वतः काका मात्र काठी घेऊन खड्ड्याच्या कडेला उभे. गवंड्यानं थापी खाली ठेवली. "कायदा कोर्टात. हितं रीत चालती," काका गरजले. आईचे वकील निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकलेले. ते शांतपणे म्हणाले, "अण्णा, कायदा ह्यो अरबी शब्द हाय. त्याचा मूळ अर्थच पाया." काकांची काठी वर गेली. आई पदर खोचून खड्ड्यात उतरली. "मारायचं तर मारा, भाऊजी. पाया माझा हाय, हळद मीच लावणार." काठी तशीच हवेत राहिली अन् दगड बसला. आज माझ्या मुलीच्या प्लॉटवर गवंड्यानं विचारलं, "सवाष्ण कोण हाय?" तोवर मोकळ्या कपाळाची मी हळद घेऊन खड्ड्यात उतरले होते.