निरोपाचा हात

काल मावशी जायला निघाली, तेव्हा आई दारात दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी.

आमची मावशी म्हणजे टीव्हीवर लोकांना हसवणारी पहिलीवहिली बाई. तेव्हा विनोद पुरुषांनी करायचा आणि बाईने चहाचा ट्रे आणायचा. मावशीने ट्रे खाली ठेवला आणि निरोप देणारी एक गृहिणी उभी केली. तोंडाने "थांबा ना, जेवूनच जा" म्हणणारी, पण हाताने पाहुण्याला जिन्याकडे ढकलणारी. घराघरांत लोक पोट धरून हसले.

ती गृहिणी म्हणजे माझी आई. तिचा हात कधीच ढकलत नव्हता. आग्रह करताना तो नुसता गोंधळायचा. पण तेव्हापासून आईने कुणाला थांब म्हटलं, की पाहुणे खदखदून हसतात आणि निघून जातात. त्यांच्यासाठी केलेली भाजी मी संपवतो. माझं पोट हे मावशीच्या लोकप्रियतेचं उपउत्पादन आहे.

मला वाटतं, नक्कल करणारा घरी जातो, कपडे बदलतो. जिची नक्कल झाली, तिने कुठे जायचं?

मावशी पायरीवर घुटमळली. "ताई, मला थांब म्हण ना गं."

"हसशील."

"नाही हसणार. शपथ."

आईने हळूच हात सोडवले, मावशीचा दंड धरला. "थांब ना, जेवूनच जा."

मावशी खरंच हसली नाही. तिने चपला काढायला घेतल्या.

हसलो मी. सवयीने.

आईचे हात पुन्हा पाठीमागे गेले.