जिताड्याच्या पोटाचे माप

२ नोव्हेंबर २०१२, शुक्रवार, सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटांनी पनवेलमधल्या एका दिवाणखान्यात पाच शिकारी मासे एकाच पाण्यात आले आणि माझ्या वहीत ‘दिवस १’ सुरू झाला. तापमान २६.४, क्षारता दर हजारी ३३, हानी शून्य. यांतला शेवटचा शून्य मला शंभर दिवस टिकवायचा होता.

कारण उदात्त नव्हते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण होऊन मी संध्याकाळी बारावीच्या मुलांना बेडकाचे रक्ताभिसरण शिकवत होते. फेब्रुवारीच्या अखेरीस एका सागरी संशोधन संस्थेत डॉक्टरेटसाठी मुलाखत होती. जागा दोन होत्या. अर्जासोबत ‘स्वतंत्रपणे केलेले काम’ मागितले होते. मी छातीठोकपणे लिहून दिले होते: परस्परांशी जुळणारे भक्षक मासे एकत्र ठेवण्याचा प्रयोग, शंभर दिवस, एकही मासा न गमावता. प्रयोगाआधी निष्कर्ष लिहून ठेवण्याची ही पद्धत मी विद्यापीठातच शिकले होते.

टाकी शेठची. शेठ म्हणजे क्लासमधल्या एका मुलीचे वडील. घर आगरी, धंदा द्रोणागिरीच्या गोदामांना ट्रेलर पुरवण्याचा. नवा बंगला बांधताना त्यांनी दिवाणखान्यात एका भिंतीच्या जागी काचेची टाकी बसवून घेतली: बारा फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. पावणेतीन हजार लिटर पाणी भरून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की आत मासेही लागतात.

“मॅडम, शोभेचं काय नको,” त्यांनी पहिल्याच भेटीत बजावले. “ते निळंपिवळं दातांच्या डाक्टरकडं असतं. आपल्याला दरारा पायजे. मानूस आत आला की गप झाला पायजे.”

“शार्क?” मी विचारले, कारण पुढचा शब्द तोच येणार होता.

“बसंल का?”

“बसेल. वळणार नाही.”

शेठनी बारा फुटांकडे एकदा पाहिले आणि विषय सोडला. त्यांचा हा गुण मला आवडला.

निवडीला मी चार आठवडे घेतले. पहिला नियम सोपा आहे: जो दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो त्याचा शेजारी नव्हे, न्याहारी. म्हणून प्रत्येक माशाच्या जबड्याचा आ आणि इतरांच्या अंगाची जाडी यांची तुलना करायची. दुसरा नियम असा की भूक आणि भांडण या वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रिगरफिश कोणालाही गिळत नाही, पण शेजाऱ्यांच्या डोळ्यांचे लचके तोडतो, आणि त्यामागे त्याचा कोणताही पौष्टिक हेतू नसतो. तिसरा नियम प्रवेशाच्या क्रमाचा. सर्वांत भित्र्याला आधी सोडावे, गुंडाला शेवटी, म्हणजे गुंडाला पाण्याचा सातबारा आपल्याच नावावर आहे असे वाटत नाही. सतरा जातींचा तक्ता केला आणि त्यातले तेरा मासे पेनाने मारले.

उरलेल्या चारांपैकी लायनफिश मुंबईच्या दुकानातून आणला. बाकी तिघे करंज्याच्या बंदरावरून आले. तिथली एक कोळीण मावशी मला जिवंत मासे राखून ठेवत असे. तक्ता वाचून दाखवला तेव्हा तिने टोपलीवरचा हात उचलला नाही.

“गोबरा घे,” ती म्हणाली. “बसून खानारा हाय, कोनाच्या वाटंला जात नाय. तांब पन चालंल, जरा पलपुटा हाय. वाम घेशील तर झाकन बसव घट. ती खात नाय कोनाला, ती निघून जाते.”

“निघून कुठे जाईल? दिवाणखाना आहे.”

“तिला काय म्हाईत दिवानखाना हाय.”

मी झाकण घट्ट बसवले. मावशीचे झाकणाबद्दलचे एवढेच वाक्य मी वहीत उतरवून घेतले आणि त्याचा अर्थ तेवढ्यापुरताच घेतला.

पाचवा मासा माझ्या तक्त्यात नव्हता. तो शेठच्या आईंनी सुचवला, म्हणजे आदेश दिला. आमच्या भागात जिताडा हा मासा नसून प्रतिष्ठा आहे. शेताकडेच्या तळ्यात त्याला वर्षानुवर्षे पोसतात आणि घरी तोलामोलाचा माणूस आला की काढतात. बारा फुटांची टाकी असलेल्या घरात जिताडा नाही, ही कल्पना आईंना सहन होईना.

“तळ्यातला आनू, पोरगाच हाय अजून,” आई म्हणाल्या. “पन एक ध्यानात ठेव बाय, सगलं एका मापाचं ठेव. लहान-मोठं केलंस की सकालला लहान नसतो.”

हाच नियम मला तीन शोधनिबंध वाचून समजला होता. त्यांना तो तळ्याच्या काठावर बसून समजला होता, आणि संदर्भसूची जोडावी लागली नव्हती.

जिताडा गोड्या पाण्यात जगतो तसा खाऱ्यातही जगतो; हा तीस सेंटिमीटरचा आला. टाकीच्या मागच्या काचेवर मी मोजपट्टी चिकटवली होती. मासा तिच्याजवळ आला की फोटो काढायचा आणि लांबी नोंदवायची. रोज सकाळी साडेदहाला मी जात असे, दिवसाआड कोलंबी आणि मांदेली चारत असे. गोबरा कपारीत बसून राही. लायनफिश पंख पसरून तरंगे. पाहुणे गप व्हायचे ते त्याच्यामुळे. चौसष्ट सेंटिमीटरची, सापासारखी वाम तिच्यासाठी ठेवलेल्या नळीतून डोके बाहेर काढून सभेला उशिरा आलेल्या अध्यक्षासारखी सगळ्यांकडे पाही. जिताडा मात्र फक्त वाढत होता. आठवड्याला सव्वा सेंटिमीटर. त्याच्या जबड्याचा आ लांबीच्या दहाव्या भागाइतका धरला, तर वाम त्याच्या तोंडात मावेल अशी वेळ सुमारे बहात्तराव्या दिवशी येणार, असे मी आलेखावर लाल रेषेने दाखवून ठेवले होते. तो दिवस काहीच न घडता गेला, तेव्हा जिताड्याला हलवणे मी पुढे ढकलले.

सत्त्याऐंशीव्या दिवशी, रविवारी, वाम नव्हती.

झाकण जागच्या जागी होते. मी नळ्या हलवल्या, कपारी तपासल्या. मग जिताड्याकडे पाहिले. तो पंचेचाळीस सेंटिमीटरचा झाला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जिताड्याच्या चेहऱ्यावर नेहमी असते तेवढीच अपराधी भावना होती.

खरे सांगायचे तर मला आनंद झाला. शून्य गेला होता, पण माझे भाकीत खरे ठरले होते, आणि शून्यापेक्षा भाकीत मुलाखतीत अधिक शोभून दिसते. मी वहीत लिहिले: ‘हानी १. वाम. भक्षक: जिताडा.’ लाल रेषेखाली तारीख टाकली.

“ह्याला आठवड्यात बाहेर काढा,” मी शेठना सांगितले. “आता तो गोबऱ्यालाही सोडणार नाही.”

आई सोफ्यावर लसूण सोलत होत्या. “वाम, आनि त्यानं?”

“आकडे आहेत, आई.”

“तीन महिने कोलंबी खाऊन गप ऱ्हायलाय. मवाल्यासारका बोलतेस त्याला.”

“आये, मॅडम शिकलेल्या हायत,” शेठ म्हणाले.

“म्हनून तर बोलते.”

पुढचा रविवार हा चौऱ्याण्णवावा दिवस. मी पोहोचले तेव्हा अंगणात जास्तीच्या चपला होत्या आणि टाकीत तीनच मासे होते. शेठच्या थोरल्या मुलीला पाहायला उरणहून अकरा माणसे आली होती. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. आई पाटावर बसल्या होत्या, समोर कोयता, कोयत्यासमोर जिताडा. खवले काढून झाले होते.

“हे काय केलंत?”

“काढायचा व्हता ना? काढला.”

“तळ्यात सोडायचा होता.”

“तळ्यात त्याची भावंडं हायत, हाताएवडी. तूच बोल्लीस, हा खातो. मंग खुनी नेऊन पोरांत सोडू?” त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. “सोयरं आलं हायत. वाया कशाला घालवायचा?”

या युक्तिवादात चूक शोधण्याचा मी प्रयत्न केला. चूक एकच होती आणि ती माझ्या बाजूची असण्याची शक्यता तोपर्यंत माझ्या मनात आली नव्हती.

“पोट मला द्या,” मी म्हणाले.

“पोटाचं काय कालवन करतेस?”

“मोजायचंय.”

आईंनी पोट वेगळे करून ताटलीत ठेवले. आत कोलंबीची टरफले होती, बाकी काही नाही. मी म्हटले, सात दिवस झाले, वाम पचली असणार.

“पचंल ती मंग, आदी मावली पायजे ना,” आई म्हणाल्या. “जिताडा फाडत नाय. अख्खा घोट घेतो. केवडी व्हती तुजी वाम?”

“चौसष्ट सेंटिमीटर. चारशे दहा ग्रॅम.”

“आनि ही पिशवी बग.”

मी पिशवी पाहिली. मग पर्समधून क्षारता तपासायचा मोजनळा काढला, पोटाचे एक तोंड दोऱ्याने बांधले आणि दुसऱ्या तोंडातून पाणी ओतत गेले. ताणताणून एकशे तीस मिलिलिटर बसले. त्यापुढचे पाणी माझ्या चपलेवर आले. चारशे दहा ग्रॅमची वाम म्हणजे ढोबळमानाने चारशे मिलिलिटर. मी जबड्याचा आ मोजला होता, वामेची जाडी मोजली होती, आणि तोंडाच्या मागे पोट असते ही बाब, एम.एस्सी. प्राणिशास्त्र, पहिली श्रेणी, विचारात घेतली नव्हती. दरवाजातून रेल्वेचा पहिला डबा आत जातो म्हणून अख्खी गाडी घरात मावेल, असा तो हिशेब होता.

“मग वाम कुठे गेली?”

“ते तू सांग. आकडे तुज्याकडं हायत.”

टाकीचे वरचे पाणी एका कोपऱ्यातल्या रुंद नळातून खालच्या कपाटात उतरत असे. तिथे गाळणपेटी होती. तिची सफाई पंधरवड्याने व्हायची आणि ती आठ दिवसांपूर्वी, शनिवारी झाली होती. वाम नाहीशी झाली त्याच्या आदल्या दिवशी. कपाट उघडून पाहण्याची मला गरजच वाटली नव्हती. ज्याचे उत्तर मिळालेले असते ते कोणी शोधत नाही. आता कपाटाचे दार उघडले. गाळणीच्या कापडामागून वामेने डोके वर काढले आणि नेहमीच्याच अध्यक्षीय नजरेने माझ्याकडे पाहिले. वरून वाहून आलेल्या कोलंबीच्या तुकड्यांवर तिचा आठवडा उत्तम गेला होता. झाकण मी घट्ट बसवले होते. नळ उघडा होता.

मी तिला बादलीत घेऊन वर सोडले. मागे शेठ उभे होते. आईंनी त्यांना बहुधा सगळे सांगितले होते, कारण त्यांचा चेहरा कळंबोलीत ट्रेलर उलटल्यावर होतो तसा झाला होता.

“मॅडम, तुमच्या परीक्षेचं आता काय?”

“मुलाखत. काय व्हायचंय? एक गेला.”

“वाम तर हाय की. आनि जिताडा मी आत्ता आनतो, गाडी पाटवतो. तळ्यात त्याच्याच मापाचा एक हाय. टाकीत सोडू. पाचाचे पाच. कोन वळखनार? जिताड्याच्या तोंडाला काय फोटो लावलाय?”

कोण ओळखणार, याचे उत्तर मला ठाऊक होते: कोणीही नाही. वाम परत आल्यामुळे ती हानी खोडायची, नवा जिताडा आत सोडायचा, की पहिल्या पानापासून शंभराव्या दिवसापर्यंत निष्कलंक शून्य. तीस सेंटिमीटरचा एक मासा आणि सेहेचाळीस सेंटिमीटरचा दुसरा, दोघांत एक सरळ रेषा. आलेख आणखी देखणाही झाला असता. मी मनगटावरचे घड्याळ पाहिले तेव्हा अकरा वाजून चार मिनिटे झाली होती. पुन्हा पाहिले तेव्हा सव्वाअकरा. अकरा मिनिटे मी या प्रस्तावावर गंभीरपणे विचार करत होते, ही गोष्ट मला लपवायची नाही.

आई हात पुसत बाहेर आल्या. “मासा आनशील रे,” त्या मुलाला म्हणाल्या, “त्याचं चौऱ्यान्नव दिवस कुटनं आनशील? पोरीला खोटं शिकवू नको. चुकलीय ती, चुकल्यासारकी राहू दे.”

“तुम्हीच कापलात,” मी म्हणाले.

“कापला मी. आरोप तुजा.”

मी पान उलटले नाही, खोडलेही नाही. ‘भक्षक: जिताडा’ या शब्दांवर एक आडवी रेघ ओढली, तीही अशी की खालचे वाचता यावे, आणि शेजारी लिहिले: ‘वाम जिवंत. हानी १: जिताडा, ४६ सें.मी. कारण: निरीक्षकाचा चुकीचा निष्कर्ष, त्यानंतर पाहुणचार.’ पोटाचे माप लिहिले, पद्धत लिहिली, चपलेचा उल्लेख टाळला. मग जेवायला बसले. सोयऱ्यांच्या पंगतीत मला वाडग्यात शेपटीकडचा तुकडा आला. कालवण अप्रतिम झाले होते. या विधानाला वहीत आधार नाही.

मुलाखतीला मी वही जशीच्या तशी नेली. समितीतल्या एका गृहस्थांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला आणि पाहुणचार म्हणजे नेमका कोणता चल घटक, असे विचारले. मी म्हटले, अकरा माणसे, उरण. ते हसले की खोकले हे मला ठरवता आले नाही. जागा मिळाली. तिचे श्रेय पोटाच्या मापाला किती आणि एक उमेदवार आलाच नाही याला किती, हे वेगळे करण्याची सोय माझ्याकडे नव्हती, म्हणून मी त्याविषयी निष्कर्ष काढलेला नाही.

शंभराव्या दिवशी, ९ फेब्रुवारी २०१३ ला, सकाळी साडेदहाची नोंद नेहमीसारखीच केली. आईंनी काचेवर बोट ठेवून चौघांनाही मोजले आणि बरोबर आहे असे मला कळवले. तापमान २५.१. क्षारता ३४. मासे ४. हानी १.