हॉट वॉटर कपाटातली शेवंती

माझं डोकं पटकन तापतं. बाबांच्या मते हे मी आईकडून उचललंय. न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या त्या दुकानात माझं डोकं तापलं नसतं, तर पुढचा सगळा घोळ टळला असता.

आई गेल्यावर बाबांना मी पुण्याहून इकडे आणलं होतं. पुण्याच्या गॅलरीत त्यांच्या शेवंतीच्या कुंड्या असायच्या, आणि त्याच पिवळ्या फुलांची वेणी आई गौरींना माळायची. जूनमध्ये एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "गणपतीच्या आत माझं परतीचं तिकीट काढ. घरची शेवंती नाही, तर गौरी कसल्या?"

तिकडे त्यांच्यासाठी होतं कोण? एक बंद फ्लॅट आणि खालचा वॉचमन. एकटे राहून ते वर्षभरही काढणार नाहीत, अशी मला धास्ती होती. मी म्हटलं, "इथंच फुलवते शेवंती. गौरींना फुलली, तर राहायचं."

"फुलली तर बघू."

शेवंतीच्या काड्या आमच्याकडे होत्या. मे महिन्यात शनिवारच्या बाजारातून आणलेल्या कुंडीतल्या छाटून बाबांनीच चार लावल्या होत्या. मुळंही धरली होती, पण इथे जून म्हणजे ऐन हिवाळा, खिडकीत बिचाऱ्या गारठून उभ्या होत्या. घरातली उबदार जागा एकच, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इथे प्रत्येक जुन्या घरात असतं ते, टॉवेल वाळवायला. टॉवेल गेले पलंगाखाली आणि चार कुंड्या आल्या कपाटात. प्रश्न राहिला उजेडाचा.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. दिवे कुणी मला शिकवू नयेत. कपाटात रोपं वाढवायचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले, तर काउंटरवरच्या पोनीटेलवाल्याने डोळा मारला. "टोमॅटो ना?"

"नाही, शेवंती."

"हो हो. सगळ्यांची शेवंतीच असते."

त्याचा रोख माझ्या लक्षात आला आणि कानशिलं गरम झाली. मला, एका पुणेकर मास्तरांच्या मुलीला, हा गांजावाली समजत होता! त्याने एक भलामोठा सोडियमचा दिवा पुढे केला. मी म्हटलं, "अहो, एवढ्याशा लाकडी कपाटात हा लावला तर झाडं राहू देत, घर भाजून निघेल." एलईडी तेव्हा नुकते आले होते, लाल-निळे, मिणमिणते आणि सोन्याच्या भावाचे. मी चार बारीक ट्यूब निवडल्या. कमी वीज, कमी उष्णता, आणि रोपांपासून वीतभर अंतरावर लावता येतात. आतून कपाटाला पांढरा रंग दिला की उजेडाचा कणही वाया जाणार नाही. पोनीटेलवाला जरा वचकलाच. "वाढीसाठी अठरा तास दिवा ठेवा," तो म्हणाला, "आणि फुलं हवी झाली की..." पुन्हा डोळा मारला.

"तुम्हाला मी तसली बाई वाटले का हो?" म्हणून मी ट्यूब काखेत मारल्या आणि तरातरा बाहेर पडले.

टायमर लावला, सकाळी सहा ते रात्री बारा. रोपं अशी माजली की बघत राहावं! मी रोज ऑफिसला निघताना कपाट उघडून स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. बाबा मात्र कुरकुरायचे. "अगं, दिवेलागणीनंतर झाडाला हात लावत नाहीत, ती झोपतात. आणि तू त्यांना रात्री बारापर्यंत जागवतेस?"

"बाबा, हे विज्ञान आहे. तुम्ही मधे पडू नका."

जुलै सरला. पानंच पानं, कळीचं नाव नाही. खत बदललं, ट्यूब दोन बोटं खाली घेतल्या. एक दिवस बाबांनी बॅग माळ्यावरून खाली काढून ठेवली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर टॉर्च शोधायला मी कपाट उघडलं. तीन कुंड्या उजेडात, आणि चौथीवर आमची न्हाणीतली काळी बादली पालथी!

"बाबा! हा काय उद्योग?"

ते चोरी पकडल्यासारखे दारात उभे. "महिना झाला. रोज दिवेलागणीला झाकतो, सकाळी पूजा झाली की काढतो. एकीला तरी झोपू दे म्हटलं."

मी तणतणत बादली उचलली. शेंड्याशेंड्यावर मुगाएवढ्या कळ्या. बाकीच्या तिघींवर एकही नाही. शेवंतीला फुलायला लांबलचक अंधारी रात्र लागते, हे माझ्या पदवीला माहीत नव्हतं, बाबांना माहीत होतं. मी बादली परत ठेवली, अगदी हलक्या हाताने, आणि टायमर संध्याकाळी पाचला बंद होईल असा फिरवला. कपाटातली सगळ्यात मोठी वीजबचत दिवा विझवण्यातच होती!

बाकीच्या तिघींना उशीर व्हायचा तो झालाच. पण बादलीखालची गौरी-आवाहनाच्या आदल्या दिवशी फुलली, पिवळीधम्मक. बाबांनी स्वतः वेणी गुंफली. आडवीतिडवी झाली, पण गौरींना शोभली. मी घरभर नाचले. बाबा हसले, पण राहण्याबद्दल अवाक्षर नाही, आणि मला विचारायचा धीर होईना.

विसर्जनानंतरच्या शनिवारी उरलेलं एक फूल घेऊन मी त्या दुकानात गेले, बाबांना बरोबर घेऊन. फूल काउंटरवर आपटलं. "शेवंती!"

पोनीटेलवाला बघतच राहिला. "खरंच शेवंती होती? तुम्हाला तेव्हा सांगत होतो, फुलं हवी झाली की बारा तास अंधार द्या. तुम्ही ऐकून कुठे घेतलंत?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं! मग त्याने विचारलं, "कुणी फुलवली?"

"मी," बाबा ताठ होऊन इंग्रजीत म्हणाले. "धिस इयर यलो. नेक्स्ट इयर व्हाइट ऑल्सो."

नेक्स्ट इयर! मला जे सांगणं त्यांच्या जिवावर येत होतं, ते त्यांनी एका परक्याला सांगून टाकलं. त्या पाइपांच्या आणि खताच्या पोत्यांच्या मधे मी भोकाड पसरलं. पोनीटेलवाला घाबरून टिश्यू शोधायला लागला.

"रडतेस काय," बाबा म्हणाले, "पांढरीसाठी अजून एक बादली घ्यायचीय. चल."